झाशी ते काल्पी, आणि परत

परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला झाशी म्हटले की किल्ला आठवतो, घोडा आठवतो आणि पाठीशी बांधलेले मूल आठवते. त्या घोड्याने जो मुलूख तुडविला, तो मात्र सहसा डोळ्यांपुढे येत नाही. ४ एप्रिल १८५८ च्या सुमारास राणी लक्ष्मीबाई झाशीतून निघाल्या आणि भांडेरमार्गे काल्पीला पोहोचल्या. हे अंतर सुमारे १०० मैलांचे. वरसईचे विष्णुभट गोडसे हेही त्याच धामधुमीत झाशीहून काल्पीकडे गेले, पण पायी. तहानलेल्या राणीने विहिरीचे पाणी स्वतःच्या हाताने शेंदल्याचा त्यांच्या ‘माझा प्रवास’मधील प्रसंग वाचकांना आठवत असेल. या मुलुखाची सारी कहाणी त्या एका विहिरीत सामावलेली आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

शासकीय कामानिमित्त मे महिन्याच्या अखेरीस झाशी, उरई, काल्पी, हमीरपूर, महोबा, मऊरानीपूर आणि पुन्हा झाशी असा सुमारे चारशे किलोमीटरांचा फेरा मोटारीने केला. चिरगाव आणि मोठ मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत उघडी जमीन पसरलेली होती. झाड दिसलेच तर एखादी बाभूळ किंवा मोहाचे झाड. काल्पीनजीक यमुनेकडे उतरणाऱ्या घळी, ज्यांना इकडे ‘बीहड’ म्हणतात, सुरू झाल्या आणि उजाडपणा अधिकच गडद झाला. मैलोगणती माणूस दिसेना. दिसत होती ती केवळ गुरे, कळपच्या कळप, विनाराखण. रब्बीचे पीक निघाले की चाऱ्याअभावी जनावरे मोकळी सोडून देण्याच्या या रीतीला बुंदेलखंडात ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. दुष्काळी मराठवाड्यात वाढलेल्या माझ्यासारख्यालाही ते दृश्य अस्वस्थ करणारे होते. आपल्याकडे निदान छावणी तरी असते.

हे वाळवंट आहे काय? आकडे तसे सांगत नाहीत. झाशी परिसरात वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सोलापूरपेक्षा निश्चितच अधिक. अडचण वेगळी आहे. खाली कठीण ग्रॅनाइटचा थर, त्यावर बहुतेक ठिकाणी पातळ माती. येथील शेतकरी जमिनीचे चार वर्ग करतो: मार, काबर, पडुआ आणि राकड. पहिल्या दोन काळ्या आणि ओल धरणाऱ्या. शेवटची राकड म्हणजे आपली बरड. तिच्यावर पडलेला पाऊस थांबत नाही, वाहून जातो.

आणि मुलूख ओसाड आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. २०११ च्या जनगणनेत झाशी जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ३९८ माणसे होती. महाराष्ट्रात ३६५ आणि देशात ३८२. झाशी शहराची भर वजा केली तरी हा आकडा वाळवंटाचा ठरत नाही. मग मी पाहिलेली माणसे गेली कोठे? महोब्याअलीकडच्या एका गावात पारावर बसलेल्या वृद्धाने उत्तर दिले. गल्लीतील दारांना लागलेली कुलपे त्याने बोटाने मोजून दाखविली आणि म्हणाला, “साहेब, लोक आहेत, पण गावात नाहीत. कोणी दिल्लीला, कोणी सुरतेला. पाऊस लागला की येतील.” मग त्याने मलाच विचारले, “ही मोजदाद करायला तुम्ही नेहमी थंडीतच का येता?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. २०११ ची गणना फेब्रुवारीत झाली. तेव्हा शेतात गहू आणि हरभरा उभा असतो आणि राखणीला माणूस असतो. अर्थशास्त्रात आम्ही सरासरीवर विसंबतो. परंतु येथील जीवन सरासरीने चालत नाही, ऋतूने चालते.

शासनाने येथे काही केले नाही असे कोणी म्हणू नये. २००९ मध्ये १३ जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांचे बुंदेलखंड पॅकेज मंजूर झाले. उरईजवळून जाणारा २९६ किलोमीटरांचा बुंदेलखंड द्रुतगती मार्ग जुलै २०२२ मध्ये खुला झाला. केन-बेतवा जोडप्रकल्पाची ४४,६०५ कोटींची योजना डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर होऊन डिसेंबर २०२४ मध्ये तिची पायाभरणी झाली. उलट, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तशीच गाडी मे महिन्यात महोब्यासाठी झाशीपर्यंत आली. तेव्हा राज्य सरकारने गरज नसल्याचे कळविले आणि टाक्या रिकाम्याच असल्याचेही निष्पन्न झाले. रस्ता उत्तम असावा हे निर्विवाद. परंतु रस्त्याने जसे धान्य बाजारात जाते तसा मजूरही जातो. पाणी आधी पोहोचले तर तो रस्ता धान्याचा होतो, नाहीतर स्थलांतराचा.

पाणी अडविण्याची विद्या या मातीला नवी नाही. महोब्याचे कीरतसागर आणि मदनसागर हे चंदेल राजांचे तलाव आजही उभे आहेत. परतताना लागणारा बरुआसागर हा ओरछ्याच्या उदितसिंहाने अठराव्या शतकात बांधला. याहून साधी आहे ती ‘हवेली’: पावसाळ्यात शेताच्या उतारावर बांध घालून पाणी साठवायचे, आश्विन-कार्तिकात ते सोडून द्यायचे आणि त्याच ओलीवर रब्बी पेरायची. झाशीजवळच्या परासई-सिंध पाणलोटात २०११ नंतर इक्रिसॅट आणि झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था यांनी गावकऱ्यांसह अशी हवेली दुरुस्त केली, नाल्यांवर बंधारे घातले, आणि विहिरींची पातळी वर आली. खर्च द्रुतगती मार्गाच्या तुलनेत नगण्य. मात्र अशा बांधाचे उद्घाटन करण्यास कोणी फारसे उत्सुक नसते, आणि त्याच्या देखभालीसाठी तरतूद कोणत्या शीर्षाखाली करावी हे ठरता ठरत नाही.

दौऱ्याच्या टिपणात लोकसंख्या, क्षेत्रफळ, रस्त्यांची लांबी असे नेहमीचे रकाने भरून झाल्यावर मी एक रकाना स्वतःहून जोडला: मे महिन्यात गावातील किती घरांना कुलूप असते. शेजारी दुसरा: किती विहिरींना पाणी असते. हे दोन आकडे दरवर्षी शेजारी शेजारी मांडले, तर पॅकेजचे मूल्यमापन करण्यासाठी निराळा अहवाल लागणार नाही. वरिष्ठांनी टिपणावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आहे. चर्चेला जाताना त्या गल्लीतील कुलपांची संख्या मी सोबत नेणार आहे. वृद्धाने मोजलेली ती एकोणीस होती.