पेटीतली पावती

आमचं घर ब्रह्मपुरीला, चंद्रपूर जिल्ह्यात. आणि दादाजानचं शेत वैनगंगेच्या पलीकडे वडशाजवळ, गडचिरोली जिल्ह्यात. धानाच्या दोन बांध्या. वारस दोघेच भाऊ, बहीण नव्हती. अब्बांच्या इंतकालानंतर आम्ही भावंडांनी आणि अम्मीने हिस्सा मागितला. बडे अब्बा म्हणाले, "शेत मला हिबा झालंय. कागद आहे." कागद मात्र दाखवीनात. शेवटी वाटणीचा दावा लावावा लागला.

त्यांच्या लेखी जबाबातही हिबानाम्याचा उल्लेख होता, नक्कल नव्हती. आम्हाला वाटे, समोरच्याचा कागद साक्षीच्या दिवशीच दिसायचा. वकीलसाहेबांनी समजावलं की १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ११ यासाठीच आहे. ज्या कागदाचा आधार घेतला, तो पाहण्यासाठी नोटीस देता येते. समोरच्याने १० दिवसांत उत्तर देऊन पाहण्याची वेळ कळवायची. नाही दाखवला, तर सबळ कारणाशिवाय तो कागद पुढे त्यालाच पुराव्यात वापरता येत नाही.

१० दिवस गेले, उत्तर आलं नाही. मग आम्ही शपथपत्रासह अर्ज केला. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून तारीख नेमली. हुकूम मोडला तर काय, हेही तेव्हाच कळलं: प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो आणि वादीचा दावा खारीज.

हिबानामा पाहिला. त्यात एकाच बांधीचं नाव होतं.

आम्ही खूश झालो. पण आता त्यांच्या अर्जावर कोर्टाने आमच्याकडचे सगळे कागद शपथेवर सांगायला लावले. अब्बांची लोखंडी पेटी उघडली. खाली एक पावती निघाली. आपल्या हिश्श्यापोटी अब्बांनी बडे अब्बांकडून पैसे उचलले होते. सही अब्बांचीच.

धाकटा म्हणाला, "हे कोणाला माहीत आहे?"

अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपण त्यांचा कागद मागितला तेव्हा हक म्हणून मागितला. आता आपला लपवायचा? तुमच्या अब्बांवर कर्ज ठेवून मी धान खाणार नाही."

वकीलसाहेबांनीही बजावलं की खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे. पावती यादीत लिहिली.

ती वाचून बडे अब्बांनी पहिल्यांदा समेटाची गोष्ट काढली. प्रकरण लोकअदालतीत गेलं. हिबाची बांधी त्यांची राहिली, दुसरीची वाटणी झाली, पावतीची रक्कम आमच्या हिश्श्यातून वजा झाली. जमीन आम्हाला वाटली होती त्याहून कमी मिळाली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून भांडण तिथेच संपलं. कोर्ट फीही परत मिळाली.

आता घरातले सगळे कागद, सोयीचे आणि गैरसोयीचे, आम्ही एकाच पेटीत ठेवतो. झाकणाच्या आत यादी चिकटवली आहे. वाचकांनीही आपल्या घरी हे करावं, वडीलधारी माणसं हयात असतानाच. कोणत्या कागदामागे काय व्यवहार झाला, हे तीच सांगू शकतात.