थू बोनच्या काठाकाठाने

होई आन, सोमवार

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

इथल्या बऱ्याच मोटरसायकलींना हाताचा क्लचच नसतो. गिअर पायाने टाकायचा. डाव्या हाताला काही कामच नाही. तो हात छत्री, मूल किंवा भाजीची पिशवी धरायला मोकळा, आणि होई आनचे लोक तो रिकामा ठेवत नाहीत. गॅसच्या टाक्या, पाण्याची पिंपं, आरशाचं कपाट, सगळं दुचाकीवरून जातं. रेनकोटसुद्धा दोन डोकी बाहेर काढता येतील असा मिळतो: एक चालवणाऱ्याचं, दुसरं मागे बसणाऱ्याचं.

गाडी भाड्याने देणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतले बरेच जण परवाना विचारत नाहीत. विचारतात पोलीस, आणि अपघात झाला तर विमा कंपनी. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या कराराप्रमाणे असतो, व्हिएतनाम १९६८चा करार मानतो. म्हणजे आपला कागद इथे चालत नाही. शहाण्या पाहुण्याने स्थानिक माणसाच्या मागे बसावं. या पत्रांतली भटकंती अशीच, पन्नाशीच्या एका बाईंच्या मागे बसून झालेली आहे. तोंडाला फडक्याचा मास्क, हातात कोपरापर्यंत मोजे, डोक्यावर हेल्मेट. उन्हाला त्यांनी अंगावर इंचभरही जागा ठेवलेली नाही.

जुन्या गावाच्या वेशीवर बाईंनी गाडी उभी केली. आत दिवसाचे ठरावीक तास फक्त पायी किंवा सायकलने फिरायचं. पिवळ्या भिंती, उताण्या-पालथ्या कौलांची छपरं, दारांच्या चौकटीवर लाकडी डोळे. कंदील तर इतके, की दिवसा त्यांचा थोडा कंटाळाच येतो. चांद्र महिन्याच्या शुद्ध चतुर्दशीला रात्री विजेचे दिवे मालवतात, तेव्हा मात्र त्यांचं सार्थक होतं.

पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत हे मोठं बंदर होतं. युरोपीय लोक याला फायफो म्हणत. चिनी आणि जपानी व्यापारी वाऱ्याबरोबर येत, वारा फिरला की परतत, आणि ज्यांना परतायचं नसे ते इथेच घर करत. पुढे थू बोन नदीचं मुख गाळाने भरत गेलं, मोठी जहाजं आत येईनात, आणि व्यापार उत्तरेला दा नांगकडे सरकला. होई आन मागे पडलं, म्हणूनच शाबूत राहिलं. ज्या गावात पैसा येतो तिथे जुनी घरं पाडली जातात. १९९९मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. आता पैसा पुन्हा आला आहे आणि ओळीने शिंप्यांची दुकानं आहेत, चोवीस तासांत सूट शिवून देणारी.

जपानी पूल सगळे बघतात. वीस हजार डोंगच्या नोटेवर तोच आहे. वर छप्पर, पोटात छोटं देऊळ, एका टोकाला माकडांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या. बांधकाम १५९३मध्ये सुरू झालं असं मानतात. दंतकथा अशी, की जमिनीखाली एक अजस्र राक्षसी प्राणी पसरला आहे. डोकं भारतात, शेपूट जपानात, पाठ नेमकी इथे. तो हलला की भूकंप. पूल म्हणजे त्याच्या पाठीत खुपसलेली तलवार. डोकं आपल्याकडे असल्याचं ऐकून बाईंनी पाहुण्याकडे जरा निरखून पाहिलं. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४च्या ऑगस्टमध्ये पूल पुन्हा खुला झाला, तेव्हा 'हा फारच कोरा दिसतो' म्हणून लोकांनी ओरड केली. ओरडीत तथ्य होतं. पण इथल्या पावसाचा आणि पुराचा ब्रश त्यावर लवकरच फिरेल.

तुम्हाला सर्वांत जवळचं वाटेल ते नदीकाठच्या घरांत आहे. भिंतीवर पुराच्या पातळ्या नोंदलेल्या असतात, साल घालून. १९६४ची खूण तर डोक्याच्याही वर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी येणार हे गृहीत धरूनच घरं बांधली आहेत: माळ्याच्या तक्तपोशीत एक चौकोनी झडप ठेवलेली, तिच्यातून दोर सोडून पेटारे, गाठोडी वर ओढून घ्यायची. पाणी ओसरलं की चिखल धुऊन दुकान पुन्हा सुरू. २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस गाव पुन्हा असंच पाण्यात होतं. २०१९ला सांगलीत आपण आयर्विन पुलाची पातळी दर तासाला विचारत होतो, तशी इथली माणसं थू बोनची विचारतात.

काकूंना नमस्कार.


होई आन, बुधवार

ती. काकांस सा. न.

आज गावाबाहेरचा दिवस. समुद्राकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी भाताच्या पाण्यातून जातो. म्हशी, बगळे, आणि शेताच्या मध्यावर थडगी. भातात पूर्वज पुरण्याची इथे जुनी रीत. पेरणारा त्यांना वळसा घालून पेरतो.

त्यांतलं एक थडगं जपानी आहे. व्यापारी तानी याजिरोबेई १६४७मध्ये वारला. त्याच्या आधी दशकभर जपानच्या शोगुनने दारं बंद केली होती. परदेशातल्या जपान्यांना परतणं अवघड झालं आणि होई आनची जपानी वस्ती विरत गेली. सांगतात ते असं, की तानी परत निघाला होता, पण इथल्या मुलीसाठी मागे फिरला. थडग्याचं तोंड ईशान्येला, जपानच्या दिशेला आहे. गोष्टीतली प्रेयसी कितपत खरी असेल, देव जाणे. दगड आणि दिशा खरी आहे. बांधावरून चालत जावं लागतं, बूट भरतात.

पुढे त्रा क्वे. भाजी पिकवणारं गाव, तळी आणि नदीच्या फाट्याच्या मध्ये वसलेलं. जमीन रेताड. पिकतं कसं, तर नदीतलं शेवाळ काढून आणतात आणि वाफ्यांत गाडतात, तेच खत. पुदिना, तुळशीचे प्रकार, कोथिंबीर, मोहरीचा पाला, लेट्यूस. पाणी घालायची पद्धत बघण्यासारखी आहे. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन्ही टोकांना झारी. एक म्हातारी वाफ्यांमधून चालत होती. दोन्ही हातांनी झाऱ्या पुढे कलत्या करायची, दोन्ही बाजूंच्या वाफ्यांवर एकदम पाऊस पडायचा आणि तिची चाल जराही मोडत नव्हती. एका पर्यटकाने कावड मागून घेतली. चार पावलांत त्याच्या पायावर निम्मं पाणी, आणि म्हातारी पोट धरून हसली. २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने या गावाला उत्तम पर्यटनग्रामांच्या यादीत घेतलं, तेव्हापासून अशा कावडी मागणाऱ्यांची सोय बरीच वाढली आहे.

दुपारी जेवायला काओ लाऊ. जाड, चिवट, किंचित पिवळसर शेवया, वर डुकराच्या मांसाचे काप, त्रा क्वेचा पाला, तळलेले कुरकुरीत तुकडे. रस्सा बेताचाच. तांदूळ राखेच्या पाण्यात भिजवतात म्हणून शेवयांना हा रंग आणि चिवटपणा. पाणी बा ले नावाच्या जुन्या विहिरीचंच हवं, नाहीतर चव नाही, असं इथला प्रत्येक जण छातीठोक सांगतो. विहीर इथल्या जुन्या चाम लोकांनी बांधलेली म्हणतात. गावातली काओ लाऊची दुकानं मोजली तर एका विहिरीला एवढा उपसा झेपेल का, ही शंका पाहुण्याने मनातच ठेवलेली बरी.

संध्याकाळी काम थान्हला, पाणताडांच्या दलदलीत. तिथे होड्या गोल असतात, बांबूच्या टोपल्यांसारख्या विणलेल्या. फटी शेणाने आणि राळेने बुजवतात. आता पर्यटकांना गरगर फिरवून दाखवतात, कर्ण्यावर कर्कश गाणी लावून. बाईंनी गाडी वळवली, हे बरं केलं.


मी सॉन, शुक्रवार

ती. काकांस सा. न.

आज थू बोनच्या प्रवाहाच्या उलट्या दिशेने, नैऋत्येला, सुमारे चाळीस किलोमीटर. बाईंनी पहाटेच निघायचा हट्ट धरला, कारण दहानंतर बसगाड्या भरून माणसं येतात. रस्त्याच्या कडेला बांबूच्या तट्ट्यांवर तांदळाचे पापड वाळत होते.

ही वाट उगाच घेतलेली नाही. होई आनचं बंदर, मधलं त्रा किएउ आणि डोंगरातलं मी सॉन, तिन्ही चाम लोकांच्या चंपा राज्याची, तिन्ही याच नदीच्या खोऱ्यात: मुखाशी व्यापार, मध्ये राजधानी, वर देव. व्हिएत, चिनी, जपानी यायच्या कितीतरी आधी या मुखाशी चाम लोकांची गलबतं लागत. राजधानीचं नाव सिंहपूर. आज त्रा किएउला टेकडीवर चर्च आहे, खाली बाजार, आणि जुनं शहर शेतांखाली. बाईंनी तिथे पेट्रोल भरलं, इतकंच.

मी सॉनला गाडी फाटकाशी ठेवायची. पुढे डोंगरांच्या वाटीत विटांची शिवालयं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे शिवाची स्थापना केली आणि देवाला आपलं नाव जोडलं: भद्रेश्वर. ते देऊळ जळालं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला शंभुवर्मनने नवं बांधलं, आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. तेराव्या शतकापर्यंत राजे इथे बांधत राहिले, लिंगांवर चढवायला सोन्या-रत्नांचे मुखवटे देत राहिले, आणि दानाचे लेख संस्कृतात व चाम भाषेत कोरवत राहिले. मुखवटे लुटले गेले. लेख उरले.

विटकाम हात लावून बघावं असं आहे (पहारेकरी लावू देत नाही). विटांमध्ये दरज दिसत नाही, चुना नाही. वीट विटेवर घासून बसवली आणि झाडाच्या चिकाने जोडली असावी, हे एक मत. वाद मिटलेला नाही. नक्षी मात्र भिंत उभी राहिल्यावर तिच्यावरच कोरलेली, त्यामुळे एकाच पाकळीतून विटांचा सांधा सरळ जातो.

शिवालयांच्या मध्ये काही गोल खड्डे आहेत, आता गवताने भरलेले. ते बॉम्बचे. १९६९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी विमानांनी इथे बॉम्ब टाकले आणि सगळ्यांत उंच, सगळ्यांत सुंदर शिवालय, अभ्यासकांच्या नोंदीतलं 'ए १', ढिगारा झालं. युद्धानंतर सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब काढत काढत काम सुरू झालं. पोलंडचा वास्तुविशारद काझिमिएझ क्वियात्कोव्स्की १९८०च्या दशकात इथे आला आणि झाडीत राहून काम करत राहिला. होई आनची जुनी घरं पाडू नका म्हणून आग्रह धरणाऱ्यांतही तो होता. १९९७मध्ये तो ह्युए शहरात वारला. होई आनमध्ये त्याचं शिल्प आहे.

आपल्या लोकांचं कामही इथे बघायला मिळतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने २०१७ ते २०२२ या काळात शिवालयांच्या तीन गटांची दुरुस्ती केली. २०२०च्या मे महिन्यात, जग टाळेबंदीत असताना, जमिनीखाली अखंड वालुकाश्माचं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं, शाळुंकेसकट, फारशी मोडतोड न झालेलं. त्याला आज बेल नाही, पाणी नाही, समोर फक्त माहितीची पाटी. चाम लोक दक्षिणेच्या प्रांतांत आजही आहेत, त्यांतले काही हिंदू, पण त्यांची पूजा तिकडच्या मंदिरांत चालते. इथे पर्यटकांसाठी वेळापत्रकाप्रमाणे नाच होतो.

गाभारे रिकामे का, असं बाईंना विचारलं तर त्यांनी दा नांगच्या दिशेला हात केला. फ्रेंचांनी चांगली शिल्पं तिकडच्या संग्रहालयात नेली. ते १९१९मध्ये खुलं झालं. मी सॉनच्या 'ई १' देवळाची वेदी तिथेच आहे आणि तिच्यावर तपस्व्यांचा दिनक्रम कोरलेला आहे: एक बासरी वाजवतो, एक उपदेश करतो, एक आडवा पडून मालीश करून घेतो. उद्या तिकडे जायचं. बाईंनी भाडं आधीच ठरवून घेतलं आहे, आणि घासाघीस करायला जागा ठेवलेली नाही.