दंड, शुल्क आणि भुर्दंड

हिंदी भाषक माणसाला "त्याला शिक्षा झाली" असं सांगून बघा. त्याला वाटेल, पोराला शाळेत घातलं! आपल्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षा आणि दंड म्हणजे पैसे. हिंदीत दंड म्हणजे शिक्षा, आणि पैसे भरायचे तो जुर्माना. त्यामुळे 'भारतीय दंड संहिता' हे नाव मराठी कानाला नेहमी पावतीपुस्तकासारखं वाटायचं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी 'न्याय संहिता' आली आणि नावातला दंड गेला. आतला आहेच म्हणा.

संस्कृतात दंड म्हणजे काठी. दंडुका त्यातलाच, काठीसारखं आडवं पडून घातलेला दंडवतही त्यातलाच. राजाच्या हातातली काठी पुढे पाठीऐवजी खिशावर बसू लागली, एवढाच फरक.

मराठेशाहीतले शब्द तर आणखी गमतीचे. वाद हरणाऱ्याने सरकारात भरायच्या रकमेला 'गुन्हेगारी' म्हणत. आज गुन्हेगारी वाढते, तेव्हा ती वसूल होई! आणि जिंकणाऱ्याची तरी सुटका? छे. त्याने आनंदाची 'हरकी' भरायची. दोन्हीकडून सरकारची चांदी.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमच्या सोसायटीची सभा. मेंटेनन्स उशिरा भरणाऱ्यांना दंड, असा ठराव आला. चौथ्या मजल्यावरच्या आजी कधी बोलत नाहीत, त्या उठल्या. म्हणाल्या, "पेन्शन उशिरा आली तर माझेही पैसे उशिरा येतील. जास्तीचे काय ते घ्या. पण फळ्यावर माझ्या नावापुढे दंड लिहू नका. मी काही केलेलं नाही." कोणीतरी 'विलंब शुल्क' सुचवलं. रक्कम तीच राहिली, आजी शांतपणे खाली बसल्या. मागून एकजण पुटपुटला, "नावात काय आहे?"

नावात बरंच काही आहे, मंडळी. शुल्क म्हणजे सोयीची किंमत. दंड म्हणजे ठपका. टीडीएसचं विवरणपत्र उशिरा दिलं की दिवसाला दोनशे रुपये भरावे लागत, त्यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला होता. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, हा दंड नव्हे, शुल्क आहे. उशिरा भरण्याची मुभा मिळते, तिचा मोबदला. भरणाऱ्याच्या खिशाला फरक शून्य, पण कायद्याच्या लेखी तो अपराधी ठरत नाही.

त्याहून मोठा फरक कर्जात पडतो. हप्ता चुकला की बँका 'दंडव्याज' लावत. ते व्याजदरातच मिसळलं की त्यावर पुन्हा व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात हे थांबवलं. व्याज नव्हे, 'दंडात्मक शुल्क' म्हणा, ते वेगळं दाखवा आणि त्यावर पुढे व्याज लावू नका. हेतू शिस्तीचा हवा, कमाईचा नको, हेही त्यात होतं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. (क्रेडिट कार्डं यातून वगळली होती, तेवढं लक्षात ठेवा.) इथे एका शब्दाने खरोखरच पैसे वाचतात.

पण शुल्काची दुसरी बाजूही आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना पैसे लावून पाहिले. ग्नीझी आणि रुस्टिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली ते प्रसिद्ध केलं. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले! आधी बाईंना थांबवल्याची लाज वाटायची, आता पैसे मोजले की मोकळे. आणि आकारणी बंद केल्यावरही ती लाज परत आली नाही.

म्हणजे ठपका उगाच नको, पण सगळ्याचीच किंमत ठरवूनही चालत नाही. आजींना शुल्कच हवं, आणि सिग्नल तोडणाऱ्याला दंडच.

या दोन्हींत न बसणारा एक अस्सल मराठी शब्द उरतो : भुर्दंड. चूक दुसऱ्याची, पैसे आपले. तो पडतो, बसतो, सोसावा लागतो, आणि बहुतेक वेळा 'नाहक' असतो. त्याची पावती मात्र कुठेच मिळत नाही. तुमच्या घरात असे आणखी कुठले शब्द आहेत? जरूर कळवा.