एका घरापुरती कौलं

तुमच्या घराचं छप्पर तुम्ही कधी मोजलंय? हसू नका! मी मोजलंय, एकेक कौल हातात घेऊन.

३ जून २०२०. 'निसर्ग' चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरी आजी, बाबा आणि मी माजघरात बसलो होतो. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर! आधी पडवीची कौलं खडखडली, मग पत्त्यांसारखी उडाली. बरं का, वारा छपराला नुसता ढकलत नाही, चक्क उचलतो! वरून वेगानं वारा गेला की तिथला हवेचा दाब कमी होतो, आतला जास्त राहतो. म्हणून कडेची कौलं आधी सुटतात.

संध्याकाळी माजघरातून आभाळ दिसत होतं. शेजारच्या काकींच्या घरावर तर माड पडून वासेच मोडलेले. त्यांचं बाळ चार महिन्यांचं. वीज नाही, फोन नाही, बाजारात कौलं नाहीत आणि मृगाचा पाऊस तोंडावर!

दोन्ही घरांची शाबूत कौलं आम्ही अंगणात रचली. मोजली. जेमतेम एका घरापुरती!

"आपली आपण घेऊ, काकींची काकींना," मी म्हटलं.

"म्हणजे दोघंही भिजू," आजी म्हणाली.

"पण आई, करोना?" बाबा हळूच म्हणाले. तेव्हा लोक एकमेकांच्या दारात जायला घाबरत होते. आजीचं वय सत्तरच्या पुढे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाळाला पावसात ठेवायचं का?"

बाबांनी वाशांवर नव्या रिपा ठोकल्या. मी कौलं पुरवत होतो. एकेक अडीच किलोच्या आसपास, खांदे भरून आले! घाईत मी मधूनच लावायला घेतली, तसे बाबा ओरडले, "खालून रे!" वरच्या कौलाची कड खालच्यावर चढली, तरच पाणी बाहेर ओघळतं. नाहीतर थेट घरात! कडेची रांग तारेनं बांधली, शेवटी आढ्यावर कोने बसवले.

पाऊस आला तेव्हा काकी बाळाला घेऊन माजघरात होत्या, आम्ही तोंडाला रुमाल बांधून पडवीत. दोन्ही घरं कोरडी!

नवरात्रात काकींच्या घरावर पत्रे चढले. बाळ आता शाळेत जातं. आणि आमच्या छपरातलं कुठलं कौल आमचं, कुठलं काकींचं? या कधी, ओळखून दाखवा! मला तर नाही जमत.