पाणी फिरतंय, पण कार्ड तापतंय

"मामू, पाणी तर फिरतंय, मग कार्ड का तापतंय?" भाच्याचा प्रश्न. तो भंडाऱ्यात निकाह-वलीम्याचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिना, ऐन लग्नसराई आणि वॉटर कूलिंगवाल्या संगणकाचं ग्राफिक्स कार्ड नव्वदीच्या वर जाऊन मशीन बंद पडायची. चार घरचे लोक रोज फोन करत होते.

वैदर्भीय माणसाला पाणी म्हटलं की कूलर आठवतो. पण कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, म्हणून हवा गार होते. संगणकातलं पाणी बंद नळीत फिरतं. ते कार्डाची उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी त्याखाली जाणार नाही, कितीही पैसे घाला.

रेडिएटरला हात लावून पाहिला. तो चटका देत असता तर दोष धुळीचा किंवा पंख्याचा. हा जेमतेम कोमट. म्हणजे उष्णता कार्डापाशीच अडली होती. कार्डावरचा तांब्याचा ब्लॉक उघडला तर आतल्या बारीक खाचा पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. जोडणाऱ्याने चक्क बोअरचं पाणी भरलं होतं! कूलरच्या जाळीवर दर उन्हाळ्यात साचतो, तोच हा थर.

व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ब्लॉक धुतला, नवी थर्मल पेस्ट लावली, डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव भरला. रेडिएटर ॲल्युमिनियमचा नाही ना, हेही पाहिलं. तांब्यासोबत तो पाण्यात झिजतो. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावात धातूंचं हे वैर जुन्या कारागिरांनाही सांगता येईल.

त्या रात्री रेंडर लावला. कार्ड सत्तरीत थांबलं. पहिला निकाह फजरच्या आधी पूर्ण झाला; तीन अजून बाकी आहेत.