तूप नको म्हणताना

हॉटेलात टेबलावर पाणी यायच्या आधी प्रश्न येतो, ‘व्हेज की नॉनव्हेज?’ जेवणाऱ्या माणसांची आपल्याकडे ही दोनच खाती. बेळगाव भागात जैन कुटुंबं पुष्कळ, म्हणून व्हेजमध्ये एक पोटखातं असतं. ‘जैन’ म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा वगळायचा हे आचाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. माझं खातं मात्र त्याच्या वहीत नाही. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, मध यांतलं मी काहीच खात नाही. मांस, मासे आणि अंडी तर नाहीतच. याला व्हेगन म्हणतात.

हा शब्द तसा जुना आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून तो तयार केला. मधलं दूध-अंडं गाळलं, असं गमतीने म्हणता येईल. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थांनाही चालतो. म्हणून २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हेगन पदार्थांसाठी वेगळी नियमावली आणली आणि हिरव्या ‘व्ही’ अक्षराचं चिन्ह ठरवून दिलं. पण पाकिटावर चिन्ह आलं म्हणून हॉटेलच्या भटारखान्यात ते पोचतंच असं नाही. शहरातल्या एका चांगल्या ‘प्युअर व्हेज’ हॉटेलात मी वेटरला विचारलं, या भाजीत दूध आहे का? तो आत जाऊन आला आणि विश्वासाने म्हणाला, ‘नाही मॅडम, दूध अजिबात नाही. फक्त क्रीम आहे.’

व्हेज हॉटेलांचं हे असंच आहे. मेनूकार्डाची चार पानं उलटली तरी पनीर संपत नाही. रश्शात साय, रोटीवर बटर, चपातीच्या कणकेत दूध, डाळीच्या फोडणीत तूप. शिवाय वाढणाऱ्याला विचारावं तर त्यालाही काही ठाऊक नसतं, कारण रस्सा सकाळी कुणीतरी करून ठेवलेला असतो.

हे खूळ डोक्यात कुठून आलं, असं वाचक विचारतील. माझं माहेर चिकोडी तालुक्यात, घरी म्हशी. मी सहावीत असताना एका म्हशीचं रेडकू मेलं. ती आटू नये म्हणून वडिलांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं. ती ते चाटायची, तिला पान्हा फुटायचा आणि आई धार काढायची. गावात यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही वाटलं नाही. पुढे मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. त्यात ‘संयुक्त पुरवठा’ नावाचं प्रकरण आहे. एक वस्तू काढायची तर दुसरी आपोआप निघते, आणि त्याचं पुस्तकी उदाहरण म्हणजे मेंढीचं मांस आणि लोकर. चार वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात शेतकऱ्याची एक मुलगी उठून म्हणाली, ‘मॅडम, दूध आणि रेडकूपण तसंच नव्हं?’ मी हो म्हटलं आणि पुढचा मुद्दा घेतला. पण म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही, आणि रेडकू नर निघालं की त्याचं काय होतं हे म्हशी पाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असतं. त्या संध्याकाळी चहा कोराच घेतला. मग तोच अंगवळणी पडला.

(तब्येतीची काळजी करणाऱ्यांसाठी सांगते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य जेवणातून भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. मी घेते. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी आहेत. असो.)

यंदा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आई, धाकटा भाऊ, वहिनी आणि दोन्ही भाच्या बेळगावला आल्या होत्या. भावाने फर्मान काढलं, ‘अक्का, बैलहोंगलच्या वाटेवर रानातलं हॉटेल काढलंय म्हणं. तिथं जाऊया की.’ शेतातून थेट ताटात, ही कल्पना आता सगळीकडे पसरली आहे. अमेरिकेत ॲलिस वॉटर्स या बाईंनी १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात ‘शे पानीस’ नावाचं हॉटेल काढलं. जवळच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा आणि त्या दिवशी जे चांगलं मिळेल तेच रांधायचं, ही त्यांची रीत पुढे गाजली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. एळ्ळ अमावस्येला सगळा गोतावळा बैलगाडीतून रानात नेऊन, चरग शिंपडून, बांधावर पंगत मांडणाऱ्या लोकांना हे कुणी शिकवायला नको. फरक एवढाच, की इथे शेवटी बिल येतं.

हे हॉटेल शाकाहारी नव्हतं. देशी कोंबडी आणि मटण ही तर त्याची ख्याती. मी आदल्या दिवशी फोन केला. ‘व्हेगन’ हा शब्द मी अशा ठिकाणी वापरत नाही, कारण त्याने समोरचा उगीच बिचकतो. सरळ म्हटलं, ‘हालु, मसरु, तुप्पा, बेण्णी, याव्दू ब्याड.’ पलीकडे थोडी शांतता. मग काळजीचा आवाज आला, ‘मत्तेनु तिंतीरी अक्कार?’ मी म्हटलं, उद्या तुमच्या रानातलं काय काय आहे तेवढं सांगा. तो सांगू लागला. कडक रोट्टी, वांग्याची एण्णेगायी, मुगाची उसळ, पुंडी पल्ल्या, शेंगाचटणी, गुरेळाची चटणी, अगसीची चटणी, मेथीचा कोवळा पाला, ओला कांदा. सांगता सांगता तोच मध्येच थांबला, ‘इदराग एल्लू हालु इल्लल्री!’

मला आवडलं ते हे. ज्वारीच्या पट्ट्यातलं आपलं रोजचं ताट मुळातच बिनदुधाचं आहे. एण्णेगायीच्या तर नावातच तेल आहे. आणि त्याचं कारण तत्त्वज्ञान नव्हे, गरिबी. आमच्या घरी दोन म्हशींचं दूध असूनही तांब्याभर मागे ठेवून बाकी सगळं डेअरीला जायचं. शेंगदाणा, कारळं आणि जवस यांनी भाकरीला जी चव आणि जो ओशटपणा दिला, तो तुपाच्या जागी दिला. पुढे हातात पैसा आला, तसं त्याच ताटावर तूप आलं, लोण्याचा गोळा आला, आणि आता तर झुणक्यावर किसलेलं पनीर घालणारे महाभागही आहेत.

हॉटेल म्हणजे काळ्या रानाच्या कडेला पत्र्याचं छप्पर, चुलीच्या दोन रांगा आणि पलीकडे गोठा. गोठ्यात तीन म्हशी, शेजारी शेळ्यांचा वाडा. शहरातल्या हॉटेलात हे दिसत नाही, इथे ताटावर बसल्या बसल्या दिसतं. मला या जागेचा हा खरेपणा भावला. धाकट्या भाचीने शेळीच्या पिलाला शेवरीचा पाला भरवला, दहा मिनिटांनी तिच्या ताटात मटण आलं, आणि तिने एकदा वाड्याकडे, एकदा ताटाकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. आत्याने अशा वेळी भाषण करू नये. ती जेवली, पण हळूहळू.

मालकाची म्हातारी आई चुलीपाशी होती. माझ्या रोट्टीवर लोणी घालायचं नाही, हे तिला लेकाने सांगितलं होतं. ती उठून माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, ‘हरकी ऐतेनवा?’ नवस आहे का गं? हा प्रश्न मला ठिकठिकाणी भेटतो. काशीला जाऊन आवडती वस्तू सोडणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. गळ्यात माळ घातली म्हणून मटणाच्या पंगतीत वेगळ्या ओळीला बसणारे माळकरीही आपल्या सवयीचे. नवस म्हटला की कुणी वाद घालत नाही, उलट वाढणारा हात जपून वाढतो. हो म्हटलं असतं तर काम भागत होतं. पण मी म्हटलं, ‘नाही अम्मा, रेडकाचं दूध रेडकाला, म्हणून.’ ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ‘झुणकदाग मज्जिगी ऐती,’ एवढं बोलून तिने झुणक्याची वाटी माझ्या ताटातून उचलली आणि चटणीचा आणखी एक ढीग वाढला. झुणक्यात ताक आहे हे शहरातल्या कोणत्या हॉटेलने मला सांगितलं असतं? ज्याच्या हाताने रांधलं तोच वाढतो, तिथे खरं उत्तर मिळतं. मटण त्याच चुलीवर शिजत होतं, पळ्या शेजारी होत्या, त्याचं मला काही वाटलं नाही. माझा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा नाही. आमच्या आजीच्या सोवळ्याला दूध नेहमीच चालायचं.

रोट्टी उत्तम होती. एण्णेगायीतली वांगी कोवळी, देठासकट. कारळाची चटणी तर अशी, की भावाने कोंबडी बाजूला सारून तीच दोनदा घेतली.

अडचण हॉटेलकडून नाही, घरातूनच आली. आईने पिशवीतून घरच्या तुपाची बरणी काढली आणि सगळ्यांच्या भातावर वाढत वाढत माझ्या ताटाशी येऊन चमचा धरून उभी राहिली. ‘थेंबभर गं. घरच्या म्हशीचं हाय.’ मी ताटावर हात धरला. वहिनी पाण्याच्या तांब्याकडे बघू लागली.

भाऊ बोलला. तो एरवी बोलत नाही. ‘अक्का, वांगं खाल्लीस नव्हं? त्याला श्याण कुठल्या म्हशीचं घातलंय? श्याण चालतंय, दूध चालत नाही. तू अर्थशास्त्र शिकवतीस ना? ते तुझं संयुक्त का काय, ते मलाबी कळतंय की.’

त्याचा वार बरोबर जागी बसला होता. मी ताग-धैंच्याच्या हिरवळीच्या खताचं बोलले. तो म्हणाला, ताग गाडायचा तर एक हंगाम रान अडकतं, त्याचे पैसे कॉलेज देणार काय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. पण खताला उत्तर नाही म्हणून तूप खावं, हेही मला पटत नाही. मी त्याला तसंच सांगितलं. मग त्याने जे बोलायचं टाळलं होतं ते बोलला. ‘धारवाडला तुला महिन्याला पैसे जायचे, ते कशाचे होते? डेअरीच्या बिलाचे. आता त्या म्हशींचं दूध तुला नको झालं.’

खरं आहे ते. माझं एम.ए. दुधावर झालं. वसतिगृहाची फी, पुस्तकं, स्वेटर, सगळं. आज भावाच्या दोन्ही मुलींचं शिक्षण त्याच बिलावर चाललं आहे, आणि तो पहाटे साडेचारला उठतो. मी त्याला म्हटलं, ‘तुझं दूध वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. त्या पैशांनी शिकले म्हणूनच विचार करायला शिकले.’ तो म्हणाला, ‘मग विचार आमच्यावरच चालवतीस होय?’ आणि स्वतःच हसला. राग पुरता गेला नव्हता. जेवणं उरकली. मालक कोरा चहा घेऊन आला, लिंबू पिळलेला, फक्त माझ्यासाठी. भाऊ म्हणाला, ‘मलाबी तसलाच आण. बघूया काय असतंय.’ एक घोट घेऊन त्याने कप माझ्यापुढे सरकवला.

तेव्हापासून तुपाचा विषय त्याने काढलेला नाही, मीही नाही. फोनवर पाऊस, ऊस, मुलींच्या परीक्षा, एवढंच बोलणं होतं. आईचं मनातलं काही कळत नव्हतं. पुढे होळीला तिने नेहमीसारखा बसच्या कंडक्टरजवळ शेंगा होळिगेचा डबा दिला. या वेळी डबे दोन होते. रात्री तिचा फोन आला. ‘दोरा बांधलेला तुझा, तेलातला. बिनदोऱ्याचा जावयाचा. बदलू नको.’