तीन पायांची परवानगी

बोरीबंदर पाहिले नाही असा मुंबईकर सापडायचा नाही, आणि ते नीट पाहिले आहे असाही क्वचितच सापडेल! नजर गाडीच्या इंडिकेटरवर, हात खिशातल्या पाकिटावर. मान वर करायला फुरसत आहे कुणाला?

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १८७८ साली या वास्तूचे काम सुरू झाले. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात तिच्या कोरीवकामाला लागले. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आले. मधल्या काळात, २००४ साली, युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत बसवले. एवढ्या मानाच्या वास्तूचा आतून एखादा चांगला फोटो आपल्याजवळ असावा, असे वाटणे साहजिकच आहे.

पण तिकीटघराच्या दालनात, म्हणजे ‘स्टार चेंबर’मध्ये, उजेड बेताचा. छताची नक्षी आणि खांबांचा दगड एकाच चित्रात स्वच्छ हवा, तर कॅमेऱ्याचा डोळा दोन-चार सेकंद उघडा ठेवावा लागतो. एवढा वेळ कुणाचा हात स्थिर राहणार? इथे ट्रायपॉड हवाच.

आणि इथेच गंमत सुरू होते. हातातल्या मोबाईलवर घरच्यांचा फोटो काढणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. तिपाईचे पाय उघडले, की खाकी गणवेश जवळ येतो! राग मानू नये. तीन पायांना जागा लागते आणि धावणाऱ्या माणसाला ते दिसत नाहीत. शिवाय २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्थानकात प्रवाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हापासून अनोळखी सामानाकडे इथे कुणी सहज म्हणून पाहत नाही.

तेव्हा सरळ मार्ग धरावा. मध्य रेल्वेचे मुख्यालय याच इमारतीत आहे. तिच्या जनसंपर्क विभागाकडे आधीच अर्ज करावा. छंद म्हणून की धंद्यासाठी, कोणती जागा, कोणती वेळ, सोबत किती माणसे, हे सारे स्पष्ट लिहावे. ‘सकाळी’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘रविवारी सकाळी ७ ते ८’ असे लिहिलेले बरे. होकार देणाऱ्यालाही ते सोपे जाते. मिळालेले पत्र खिशात हवे, कारण साहेबांची सही दारावरच्या शिपायाने पाहिलेली नसते. आणि जिन्याच्या तोंडाशी तिपाई कधीही मांडू नये. वास्तू सर्वांची खरी, पण तिच्यावर पहिला हक्क गाडी गाठणाऱ्याचा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे घरची मंडळी विचारतील. त्यांना तो फोटो दाखवावा. चार सेकंदांत धावणारी गर्दी विरून नुसते धुके होते. दगडी पाने, कमानी, खांब जागच्या जागी राहतात. आणि राहतात ती थांबलेली माणसे : गाठोड्यावर बसलेली एखादी आजी, गाडीची वाट पाहत बसलेला हमाल, आईच्या खांद्यावर झोपलेले पोर. रोज त्यांच्या शेजारून आपण धावत जातो. ती दिसावीत म्हणून एक अर्ज लिहावा लागला, तर तो लिहावा.